दुसऱ्यांदा बोर्म्यात

वेंगुर्ले, १२ मार्च १९६१

मुंबईचं वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने आलं. तिसऱ्या पानावर भाईचा फोटो. 'काजूच्या टरफलातून रेडिओचा भाग : वेंगुर्ल्याच्या कारखानदाराची करामत.' कारखानदार म्हणजे आमचा भाई, हरिश्चंद्र आरोलकर. सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा आणि लोखंडाला गंज कशाने चढतो हे माझ्या पाटीवरून उतरवून घ्यायचा.

फोटोत भाईने कंडेन्सर चिमटीत धरला आहे आणि तो हसतो आहे. खाली ट्रे आहे, आणि ट्रे धरणारा एक हात. तो हात माझा. मनगटाच्या अलीकडे मी पेपरात आलोच नाही. मजकुरात नाव शोधलं, दोनदा वाचलं. भाईच्या आजोबांचं नाव आहे, ग्रामदेव रवळनाथाचं आहे, माझं नाही.

तीन वर्षं! कोल्हापुरातल्या कॉलेजची प्रयोगशाळा सोडून मी इथे आलो तो या एका कल्पनेपायी. काजूगर काढल्यावर टरफलात जे काळं, झोंबणारं तेल उरतं, ते आमच्याकडे होड्यांना फासतात. मी ते फॉर्मलिनबरोबर शिजवून त्याचं वार्निश केलं. ते रेशमी कापडाच्या चौकटीतून अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर छापायचं, पट्टी भाजायची आणि गुंडाळायची, की झाला कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे रेडिओतली विजेची छोटी टाकी. दोन पट्ट्यांमधला थर फुटला की टाकी गळते आणि रेडिओ मुका होतो. थर फुटू नये यासाठी या तेलाने तीनदा माझ्या हाताची कातडी सोलून काढली आहे. बायको लीला रोज कोकमाचं तेल लावते. भाईने मुंबईहून रबरी हातमोजे आणून दिले होते, ते मी फडताळात टाकले. त्याच्या उपकाराचे मोजे घालून माझे हात मला झाकायचे नाहीत.

संध्याकाळी तो घरी आला. "सत्या, मी त्यांका तुझां नाव सांगललंय रे. त्यांनी छापूक नाय तर मी काय करू?"

मी त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून आत ठेवला. अर्धा कप भरलेला होता.

१५ मार्च

तीन दिवस झाले, राग उतरत नाही. उतरावा असं वाटतही नाही.

कामाचं सांगायचं तर सगळं घोडं भाजण्यात अडलं आहे. कडक आच दिली की थर वरून चटकन सुकतो, वाफ आत अडकते आणि बारीक फोड येतात. आजचा फोड म्हणजे उद्याचं भोक. मंद आच दिली तर फोड येत नाहीत, पण थर पोटात कच्चा राहतो. कच्चा थर कोरड्या हवेत अगदी गुणी दिसतो, आणि ओल्या हवेत पडला की महिन्या-दीड महिन्यात पाणी पिऊन दगा देतो. मी मधला मार्ग काढला आहे, मध्यम आचेवर अडीच तास. त्यात शंभरातले साठ टिकतात. भाई पाहुण्यांना नव्वद सांगतो.

भट्टी वेगळी नाही, भाईच्या काजूच्या कारखान्यातला बोर्माच वापरतो. टरफल फोडून काढलेले गर ज्यात सुकवतात तो बोर्मा. तो तुळसाच्या ताब्यात आहे. बाई पन्नाशीची, घड्याळ बघता येत नाही. दारासमोर हात धरते आणि आच सांगते. गर बाहेर आले की अंगठ्याने चोळून बघते. वरची लाल साल सुटली नाही तर अख्खा ट्रे परत आत ढकलते. माझ्या पट्ट्यांनाही अंगठा लावते. मी कितीदा सांगितलं, की बाई, हे काजूगर नव्हेत, डाग पडतात. "होय हो मास्तरानू," म्हणते आणि पुन्हा लावते.

२ एप्रिल

रेडिओ कारखान्याचं पत्र आलं. पाचशे नग मागवलेत. त्यांतले पन्नास ते दमट, गरम पेटीत विजेच्या दाबाखाली हजार तास टांगणार. टिकले तर कायमची मागणी. मग पावसाळ्यात काजूचं काम बंद पडलं तरी चाळीस बायांना कंडेन्सरचं काम मिळेल, म्हणून भाई अंगणात नाचला. दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवून दातृत्व करायला काय जातं!

घरी येताना मांडवीच्या पुलावर मला सुचलं, आणि इतकं बरं वाटलं की मी पुलावर पाच मिनिटं उभा राहिलो.

या पाचशेंना मंद आच द्यायची. दोन तास, बस. इथे मी निऑनच्या दिव्यावर तपासणार. रेडिओच्या मोठ्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या, मधे कंडेन्सर आणि तो चिमुकला दिवा. थर गळत असला तर दिवा लुकलुकतो. जितकी लुकलूक, तितकी गळती. कच्चा माल नवा असताना लुकलुकणारच नाही. भाई स्वतः उभा राहून बघेल आणि स्वतःच्या नावाचा शिक्का मारून पाठवेल. मुंबईच्या पेटीत गेला की पंधरा दिवसांत सगळं मरेल. मग पेपरवाल्यांनी पुन्हा फोटो काढावा. या वेळी माझा हात नसला तरी चालेल.

१८ एप्रिल

केलं.

सकाळपासून छपाई झाली. दुपारी दोनला ट्रे आत गेले. मी लाकडं कमी घालायला सांगितली. तुळसाने दारासमोर हात धरला.

"मास्तरानू, आज आच निवली कशी?"

"मुंबईच्या साहेबांनी तशी सूचना केली आहे," मी म्हणालो. ऑफिसातली भाषा ऐकली की ही माणसं गप्प बसतात, असा माझा अनुभव.

चारला ट्रे काढले. तिने अंगठा लावला. "चिकाट लागता हो ह्या. गर असो लागलो असतो तर मी परत आत धाडलंय असतंय."

"हे तसंच हवं. उद्यापर्यंत निवू दे. मग मी परत आल्यावर बाया गुंडाळतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. बायकांचं ते पाहणं मला आवडत नाही, लीलासुद्धा तसंच पाहते. मी हात धुतले आणि निघालो. उद्या लीलाच्या माहेरी धामापूरला जायचं आहे. मी कारखान्यात नसलेलं बरंच. कुणी काही विचारायला नको आणि मला तोंड लपवायला नको. लपवण्यासारखं मी काही केलंय असं नव्हे.

२० एप्रिल, धामापूर

काल भगवतीच्या देवळात गेलो. तळ्यात पाणी अजून पुष्कळ आहे. मनातून ठरवलं होतं की देवीला स्पष्ट सांगायचं : भाईचं नाक काप. पण गाऱ्हाणं गुरवाने मोठ्याने घालायचं असतं आणि मागे उभे राहिलेल्यांनी होकार भरायचा असतो. मागे सासू, दोन मेहुण्या आणि लीला. गुरवाने विचारलं, "काय सांगूचा देवीक?" माझ्या तोंडून निघालं, "हातांक गुण येवंदे."

"बये म्हामाये, ह्या तुझ्या लेकराच्या हातांक गुण येवंदे, त्येच्या हातसून जां काम होता तां बरां होवंदे..."

"होय म्हाराजा," सगळ्या बायका ठणठणीत आवाजात म्हणाल्या. मीही म्हणालो. न म्हणून करतो काय.

परतताना लीलाने विचारलं, "तुमी भाईंचां काय वाईट केलास काय?"

"मी काय करणार त्याचं?"

"तसां न्हय. चार दिवस तुमी जेवतास बरे."

२२ एप्रिल

आज परत कामावर. पट्ट्या मला वाटल्या होत्या त्यापेक्षा काळपट दिसल्या, अगदी पिकल्या करवंदाच्या रंगाच्या. छपाईच्या खोलीला एकच खिडकी आहे, तिथे उजेडाचा भरवसा नाही. बायांनी दिवसभर गुंडाळल्या, मेणात बुडवल्या. मी वीस नग निऑनवर लावले. मिनिटभरात दिवा एकदा लुकलुकला. काहींवर तर लुकलुकलाच नाही. असं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. कच्चा माल नवा असताना किती साळसूद असतो! भाईसारखाच.

भाई बाहेर तुळसावर ओरडत होता, दोन दिवसांची लाकडं एका दिवसात कशी संपली म्हणून. ती म्हणाली, ओली होती. एप्रिलमध्ये ओली लाकडं. तिचं तिला लखलाभ. मला त्यात पडायचं कारण नाही.

परवा मालाची पेटी मोटारीने मुंबईला जाईल. शिक्का भाईने स्वतःच्या हाताने मारला.

१० मे

थांबण्यातही सुख असतं हे मला माहीत नव्हतं. रोज सकाळी हिशेब करतो, आज पेटीत इतके तास झाले. आज तीनशे. पहिले दहा-बारा तरी गेले असतील. पत्र आलं की मी काय म्हणेन तेही ठरलं आहे. मी म्हणेन, "भाई, मी सांगितलं असतं रे, पण पेपरात नाव नसलेल्याचं कोण ऐकतं?" एवढंच. मग टोपी घालून निघायचं.

लीला म्हणते, तुमी झोपेत हसतास.

१४ जून

भाई पावसात छत्रीशिवाय धावत आला. हातात पत्र. पन्नासांतले एकोणपन्नास जिवंत.

मी पत्र तीनदा वाचलं. हजार तास. एकोणपन्नास. तपासणी करणाऱ्या साहेबाने हाताने खाली लिहिलं आहे की देशात बनलेला इतका चांगला थर त्याने पाहिलेला नाही. भाईने मला सगळ्या बायांसमोर कवटाळलं. त्याचा ओला सदरा माझ्या छातीला चिकटला. 

पुढचं तर अजून वाईट. कारखान्याला सगळी कृती लेखी हवी, शोधकाच्या नावासकट. भाई म्हणाला, "तुझां नाव घाल, सत्या. माझां नको. माका ह्यातला काय कळता? आणि पेपरवाल्यांका मी दोन पत्रां धाडलंय, दुरुस्ती छापा म्हणान. मेल्यांनी उत्तर देवक नाय."

म्हणजे तो खरं बोलत होता की काय? की आज सुचलेलं मार्चमधलं म्हणून सांगतो आहे? मी त्याला ओळखतो. बहुतेक आजच सुचलं असेल.

पण माझा प्रश्न तो नाही. मला जे तीन वर्षं हवं होतं ते माझ्यापुढे कागदाच्या रूपात पडलं आहे, आणि त्यात काय लिहायचं ते मला माहीत नाही. मंद आचेवर दोन तास ठेवून असा थर होऊच शकत नाही.

१७ जून

खात्री केली. वीस पट्ट्या छापून मंद आचेवर दोन तास ठेवल्या आणि गुंडाळल्या. ओलं फडकं घातलेल्या बरणीत चुलीच्या उबेला दोन दिवस ठेवल्या. आज निऑनचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. म्हणजे माझं शास्त्र बरोबर आहे. मग मुंबईला काय गेलं?

लाकडं. अचानक लाकडं आठवली.

१८ जून

तुळसा कारखान्याच्या पडवीत बसून मोसमातल्या उरल्यासुरल्या गरांची साल काढत होती. मी विचारल्यावर तिने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

"तुमी गेलात धामापुराक. मी सकाळी येवन बघतंय तर थर आंगठ्याक चिकटता. मगे धाडलंय परत आत. बरी लाकडां घातलंय, घडघडीत आच केलंय. आंगठो सुको निघापर्यंत एकेक ट्रे ठेवलंय. खंयचो तीन घंटे, खंयचो साडेतीन. आदी मंद भाजून एक रात निवलेलो गर दुसऱ्या आचेर फुटना नाय. आमचां नेहमीचां आसा तां."

"मी तसंच हवं म्हणून सांगितलं होतं."

"सांगलास. तुमी मुद्दाम कच्चे काढलास तां माका कळलां. भाईंचो राग होतो तुमका. पण चाळीस बायांचा पावसातला काम होता त्येच्यार. माझां पण."

"कुणाला सांगितलंस?"

"कित्याक सांगू? ट्रे भाजले, संपलां."

मी पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. बाईने दोन वाक्यांत माझं तीन वर्षांचं कोडं सोडवलं होतं. पहिल्या मंद आचेत वाफ निघून जाते, फोड येत नाहीत. रात्रभर थर बसतो. मग कडक आचेत तो पोटापर्यंत पक्का होतो. इतकं सोपं. बोर्मा दोनदा अडवायला भाई एरवी कधी देत नसे, म्हणून मला करून बघता आलं नाही. नाहीतर मीच काढलं असतं. नक्कीच काढलं असतं.

१९ जून

कृती लिहिली. चार पानं. 'पहिली आच मंद, दोन तास. सोळा तास विश्रांती. दुसरी आच कडक, तीन तास पंधरा मिनिटं.' तुळसाने सांगितलेल्या वेळांची सरासरी काढली. शास्त्रात एक आकडा लागतो. खाली : शोधक, सत्यवान रामचंद्र धुरी.

तुळसाच्या नावाचा विचार केला नाही असं नाही. पुष्कळ केला. पण ट्रे परत आत ढकलणं म्हणजे शोध नव्हे. ती सवय झाली. वाफ का निघते, थर का बसतो, हे मला कळतं, तिला नाही. वार्निश माझं, चौकट माझी. शिवाय तिचं नाव घातलं तर त्या दिवशी ट्रे कच्चे का होते ते सांगावं लागेल, आणि मग चाळीस बायांचं काम जाईल. तिच्याच हिताचं आहे. तिला नावाचं काय करायचं आहे? तिला वाचता येत नाही.

३ जुलै

भाईने कृती टंकलिखित करून आणली आणि सगळ्या बायांना जमवून मोठ्याने वाचली. माझं नाव आलं तेव्हा टाळ्या झाल्या.  लीला पदराने डोळे पुसत होती.

बाया पांगल्यावर तुळसा जवळ आली. "माझां नाव नाय तां ऱ्हवांदे. पण कोणी तरी ट्रे परत घातल्यान, आंगठो लावन बघितल्यान, इतक्या तरी आसा काय त्यात?"

"तसं लिहीत नाहीत, तुळसाबाय. कागदात आच आणि वेळ. बाकी काही नाही."

"बरां," ती म्हणाली. रुसली वगैरे अजिबात नाही. समजूतदार बाई आहे.

२१ जुलै

दोन हजारांची मागणी. उद्या मुंबईचा साहेब स्वतः माल न्यायला येतो आहे.

काल मंद आच झाली, आज कडक. तुळसाने भाईच्या टेबलावरचं घड्याळ मागून बोर्म्याजवळ ठेवून घेतलं आणि गुंडाळणाऱ्या बायांतल्या आनंदीबाईला काटे वाचायला बसवलं. सव्वातीन तास झाले, ट्रे बाहेर. मला कौतुक वाटलं. दुपारी मी एक पट्टी उचलली तर बोटाला चिकटली.

"तुळसाबाय, हे कच्चं आहे."

"कागदातल्यासारख्या केलंय."

"पण पाऊस आहे, लाकडं ओली आहेत. आच कमी पडली असणार."

"कागदात पाऊस खंय आसा?"

"अंगठा लावून बघितलास का?"

"कागदात आंगठो खंय आसा, मास्तरानू?"

ट्रे पुन्हा आत घालायला लावले. किती वेळ, ते मी सांगायचं ठरलं. मी एक तास सांगितला. मागच्या बाजूचे ट्रे करपले, गुंडाळताना थर तडकला. पुढचे चिकटच राहिले. मग अर्धा तास, मग वीस मिनिटं. मी स्वतः अंगठा लावत होतो. सुकं काय आणि सुकल्यासारखं काय, मला वेगळं लागेना. पाच वाजता ती पदर खोचून घरी निघून गेली. बाया एकेक करून तिच्या मागून गेल्या. भाई कुडाळला गेला आहे साहेबाला आणायला. त्याला यातलं काही माहीत नाही.

दिवेलागणीला तुळसाच्या घरी गेलो. ती चुलीपुढे पेज ढवळत होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, तिने बस म्हटलं नाही. मी म्हणालो, चूक झाली. मी म्हणालो, नाव घालतो, नवा कागद करतो, आत्ता चल. मी तिच्या पाया पडायचाच बाकी होतो. रागही येत होता, एवढ्याशा गोष्टीवरून इतक्या जणींच्या पोटावर पाय देते म्हणून, आणि ते मी बोललोही.

तेव्हा तिने पळी बाजूला ठेवली.

"तुमी भाईंका जां केलास, तांच मी तुमका केलंय. तुमच्या मागसून ट्रे परत घालूक मी होतंय. माझ्या मागसून कोण नाय."

आणि पेज वाढून घेतली.

मी कारखान्यात परत आलो. ट्रे होते तिथेच आहेत. साहेबाची मोटार सकाळी साडेआठला येते.